घोडीचा डावा पाय

आमच्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या मुलींनी बंगळुरात फ्लॅट घेतले, गाड्या घेतल्या, एकीने तर गावाबाहेर नारळाची बाग घेतली. आमच्या मुलीने घोडी घेतली. खरीखुरी, चार पायांची, मारवाडी जातीची, तांबूस काळी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. फोनवर फोटो आला आणि खाली दोनच शब्द, "बाबा, घेतली." मला वाटलं स्कूटर घेतली असेल. फोटो मोठा करून बघतो तर ही बया माझ्याकडे नाक फेंदारून बघतेय!

त्या दिवशी मी जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर चौतीस वर्षांची, महादेवपुऱ्यात संगणकाची नोकरी करणारी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी मुलगी घोडी घेऊन ठेवणार कुठे आणि तिला खायला घालणार काय, असं मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, होसकोटेच्या पुढे एक तबेला आहे, ती दर शनिवार-रविवार तिथे घोडेस्वारीला जाते, घोडी तिथेच राहील. म्हणजे हे प्रकरण दोन वर्षं चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नाही. माझ्या मेहुणीने तर फोनवर हसून हसून जीव काढला. "चला, घोडी तयार आहे, आता तेवढा नवरदेव शोधा!" बायकोलाही हसू आवरेना. मला मात्र राग आला आणि मी जाहीर केलं की मी काही ती घोडी बघायला येणार नाही. आणि वर्षभर गेलो नाही. मी शब्दाचा पक्का आहे, म्हणजे घरचे ज्याला हट्टी म्हणतात तसा आहे.

आता खरं कारणही सांगून टाकतो, या वयात लपवायचं कशाला. मला घोड्याची भीती वाटते. घोडा मी कायम वरातीतच पाहिला, तोही बँडच्या पलीकडून.

मी इथल्याच, बंगळुरातल्या, एका सरकारी यंत्रकारखान्यात सदतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. लेथ मशीन, मिलिंग मशीन, त्यांचे गिअर, त्यांचे दांडे, सगळं कागदावर उतरवायचं. संगणक आला तेव्हा आमच्यातले निम्मे घाबरले. मी तेही शिकलो, पण हाताची रेघ ती हाताची रेघ. माझ्या ड्रॉइंगवर चुकीची खूण होऊन ते परत आलं असं फार कमी वेळा झालं, आणि जेव्हा झालं तेव्हा चूक तपासणाऱ्याची निघाली. निदान मी तरी तसंच सांगत आलो आहे.

तर एका रविवारी मुलगी घरी आली, आईच्या हातची आमटी ओरपली आणि पिशवीतून एक अर्ज काढला. जातिवंत घोड्यांची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, त्यांच्या वहीत घोडीचं नाव घालायचं होतं. आधीच्या मालकाने कंटाळा केला होता. घोडी आता गाभण होती. शिंगराचा बाप नोंदलेला होता, पण आई नोंदलेली नसेल तर पिल्लाची नोंद होत नाही, असा नियम.

"नाही झाली तर नाही झाली," मी म्हणालो. "घोड्याला काय रेशन कार्ड हवंय?"

तिने ताट बाजूला सरकवलं. "बाबा, मला दोन घोडी सांभाळणं जमणार नाही. म्हैसूरकडचे एक नवरा-बायको आहेत, त्यांच्याकडे मोठी मोकळी जागा आहे, घोडी पोरांसारखी वाढवतात. ते शिंगरू घ्यायला तयार आहेत, पण कागद असेल तरच. कागद नसेल तर ते पिल्लू कोण नेणार माहितीये? वरातवाले. दोन वर्षांचं होत नाही तोवर पाठीवर झूल आणि कानाशी बँड."

हे बोलताना तिचे डोळे भरले. ती लहानपणापासून सहसा रडत नाही. संस्थेचे तपासनीस दक्षिणेत वर्षातून एकदाच येतात, ते पुढच्या महिन्यात येणार होते आणि शिंगरू त्यानंतर तीन आठवड्यांत. म्हणजे ही एकच संधी. अर्जात घोडीची चित्रं भरायची होती: छापील बाह्यरेषा असतात, त्यात अंगावरच्या पांढऱ्या खुणा आणि केसांचे भोवरे जिथल्या तिथे दाखवायचे. माणसाच्या बोटांचे ठसे तसे घोड्याचे भोवरे, असं ती म्हणाली.

"तुम्ही फक्त चित्राचं पान करा. बाकी माझं मी बघते."

मी दोनदा नाही म्हणालो, कारण एकदम हो म्हटलं तर बापाची किंमत राहत नाही. मग पान हातात घेतलं.

अहो, काय ते छापील चित्र! तो घोडा नव्हता, पोट बिघडलेली बकरी होती. त्यात खुणा भरायच्या म्हणजे माझा अपमान. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, वेगळा कागद जोडला तरी चालतो. मग काय! दुसऱ्या दिवशी मेट्रोने चिकपेटला गेलो. तिथल्या एका बोळात पूर्वी आमचा ठरलेला दुकानदार होता. आता त्याचा मुलगा बसतो. ट्रेसिंगचा कागद आणि शाई मागितली तर त्याने माळ्यावरून धुळीचा खोका काढला आणि कन्नडमध्ये म्हणाला, सार, हे आता कोणीच नेत नाही. मी म्हटलं, मी नेतो ना. त्याने शाईची बाटली फुकटच दिली, नको म्हटलं तरी.

पुढचे पाच दिवस मी जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. मुलीने पाठवलेले फोटो टीव्हीवर मोठे करून लावले. बायको म्हणाली, "अहो, गेले चार दिवस मी मालिका पाहिली नाही, घोडीचा पार्श्वभाग बघतेय." मी ऐकून घेतलं. एकास दहा या प्रमाणात घोडी उतरली: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. कपाळावर पांढरा टिळा, मधोमध भोवरा. मागच्या एका पायाला पांढरा मोजा, मानेवर एका बाजूला लांबट भोवरा. शेजारी तक्ता होता, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, तोही सुवाच्य अक्षरात भरला. छापील पानावर मात्र एक ढोबळ चूक सापडली. ज्या चित्राला 'डावी बाजू' छापलं होतं तिथे 'उजवी' हवं आणि 'उजवी'च्या जागी 'डावी'. मी लाल शाईने दोन्ही मथळ्यांवर सुबक रेघ मारली, योग्य शब्द लिहिले आणि बाजूला छोटी सही केली, आमच्या ऑफिसात करायचो तशी. एवढी मोठी संस्था आणि फॉर्म असा छापते, म्हणून बायकोजवळ पंधरा मिनिटं बोललोसुद्धा.

मुलीने कागद पाहिला आणि ती हरखलीच. "बाबा! हे फ्रेम करायला पाहिजे!"

"तपासून घे एकदा."

"तुमचं ड्रॉइंग कोण तपासणार?" असं म्हणून तिने ते नळीत घातलं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

तपासनीस येण्याच्या दिवशी तिने मला बरोबर यायलाच लावलं. मी म्हटलं, चित्र दिलंय की, माझं काय काम? ती म्हणाली, "काम आहे. चला." व्हाइटफील्डपर्यंत वाहतुकीला शिव्या देण्यात वेळ गेला, पुढे होसकोटे ओलांडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि निलगिरीच्या झाडांमागे तो तबेला आला. वीसेक घोडी, पत्र्याची शेड, वाळूचं गोल मैदान. घोडीला सांभाळणारे गृहस्थ होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कन्नड बोलणारे. मुलगी त्यांना अण्णा म्हणत होती, मीही अण्णाच म्हणू लागलो. घोडी त्यांनी बाहेर आणली. फोटोत पोट एवढं दिसत नव्हतं. मी कुंपणाच्या अलीकडेच उभा राहिलो आणि म्हणालो, छान आहे.

तपासनीस राजस्थानचे होते, पांढऱ्या मिश्या, गळ्यात चष्मा, हिंदी बोलणं अगदी अदबशीर. माझा कागद उघडून ते बराच वेळ बघत राहिले. "वा साहेब! वीस वर्षं हे काम करतोय, असं चित्र पाहिलं नाही." मी मान थोडी झुकवली. मुलीने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मग ते घोडीभोवती एक फेरी मारून आले. कागद पाहिला. परत फेरी मारली. चष्मा डोळ्यांवरून काढला.

"ही ती घोडी नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?" मुलगी.

"या घोडीचा मागचा डावा पाय पांढरा आहे. कागदावर उजवा. मानेचा भोवरा डावीकडे आहे, कागदावर उजवीकडे. एक चूक असती तर समजू शकतो. इथे सगळंच उलटं आहे. शिवाय," इथे त्यांनी लाल शाईवर बोट ठेवलं, "आमचा छापील फॉर्मही कोणीतरी खोडलाय."

मी ताडकन पुढे झालो. अंगात ऑफिस आलं होतं. "छापील चूक होती ती. हे बघा, मी घोडीच्या समोर उभा आहे. पांढरा पाय माझ्या उजव्या हाताला आहे की नाही?"

"तुमच्या उजव्या हाताला," ते म्हणाले. "पण पाय घोडीचा आहे ना, साहेब?"

त्याचं असं आहे, लेथ मशीनला स्वतःचं डावं-उजवं नसतं. कामगार समोर उभा राहतो, त्याचं डावं ते मशीनचं डावं. सदतीस वर्षं मी त्या हिशेबाने हजारो कागद भरले. माणसाला त्याचं त्याचं डावं-उजवं असतं हे कळत होतंच की मला! फक्त घोडी मी मशीनच्या रांगेत नेऊन उभी केली होती. वर्षभर बघायला गेलो नाही, टीव्हीवरून मोजली, मग दुसरं काय होणार!

चूक कोणाची ते सांगायला सदतीस वर्षांत मला असा वेळ कधी लागला नव्हता. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "घोडी हीच आहे. मुलीचा काही दोष नाही."

त्यांना पटलं असावं, पण नियम नियम होता. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. पुढच्या वर्षी नवीन करा, ते म्हणाले. मुलगी माझ्यावर ओरडली असती तरी परवडलं असतं. ती घोडीच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली. मला वरातीतला बँड ऐकू यायला लागला, खरंच सांगतो.

मी हात जोडले. मी कोणासमोर सहजासहजी हात जोडत नाही. "तुमच्याकडे कोरा अर्ज असेल. मला इथेच, तुमच्यासमोर भरू द्या. जिवंत घोडीवरून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. तबेल्यातली आणखी तीन घोडी तपासायची होती. "तेवढं होईपर्यंत वेळ आहे. पहिल्या पानापासून सगळा अर्ज, एका हातचा. एकही खाडाखोड नको. आणि आमच्या छापील चित्रातच भरा," शेवटचं वाक्य ते जरा हसून बोलले.

म्हणजे बकरीच. भरली मुकाट्याने बकरी.

पण आधी घोडीजवळ जायचं होतं. मी उगाच पेनाचं टोपण काढ-घाल करत राहिलो. अण्णांनी ते ओळखलं. "बन्नी सार," म्हणजे 'या' म्हणाले, आणि मला कोपराला धरून घोडीच्या खांद्याशी नेलं. "समोर नको. तिच्या बाजूला उभे राहा. तिचं तोंड जिकडे, तिकडेच तुमचं तोंड." मी तसा उभा राहिलो. झालं! माझं डावं तेच तिचं डावं झालं. इतकी साधी गोष्ट, आणि मी पाच दिवस टीव्ही लावून बसलो होतो.

"आता हात ठेवा. स्वल्प हळू."

ठेवला. गरम होती. कातडी माझ्या हाताखाली थरथरली आणि मग शांत झाली. भोवरे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतात, असं अण्णा म्हणाले, आणि खरंच, केस फिरतात तिथे बोट आपोआप अडतं. कपाळावरचा सापडला, मानेवरचा सापडला. मी सापडेल तसं मोठ्याने सांगायचो, मुलगी फळीवर धरलेल्या अर्जावर बोट ठेवायची, मी जाऊन खूण करायचो. आयाळीखाली चाचपताना एक आणखी लागला, छोटा, रुपयाएवढाही नाही. फोटोत तो दिसलाच नव्हता. मुलीलाही माहीत नव्हता. "अगं, इथे आणखी एक आहे!" मी असा ओरडलो की पलीकडच्या शेडमधलं एक घोडं खिंकाळलं. मग पोटाकडे हात गेला तेव्हा आतून एक धक्का बसला. मी हात मागे घेतला. अण्णा हसायला लागले. मी परत ठेवला. आता भीती कुठे गेली होती कोण जाणे. मला तो धक्का पुन्हा हवा होता.

चित्रं झाली, तक्ता झाला, दोनदा पडताळला. पहिलं पान उरलं होतं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मुलीकडून जुनं पान मागितलं तर ती म्हणाली, "द्या, मी भरते."

"एका हातचा हवा म्हणालेत ना. आण इकडे."

तिने ते दिलं, पण जरा रेंगाळून. मी उतरवायला लागलो. घोडीचं नाव, जात, रंग, बापाचं नाव, आईचं नाव. मग मालक. तिथे दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर मुलीचं नाव. दुसऱ्या ओळीवर माझं.

मी पुन्हा वाचलं. माझंच होतं, वडिलांच्या नावासकट. समोर तारीख घोडी घेतली त्या आठवड्यातली होती. तेव्हा मी घरात आरडाओरडा करत होतो. तिची सही होती. माझ्या सहीची जागा कोरी.

"हे काय?"

"दुसरा मालक घालता येतो. मला काही झालं तर हिचं बघायला कोणीतरी हवं." ती घोडीच्या आयाळीत बोटं घालत होती. "सही मागायची हिंमत होत नव्हती. आज आणलं ते त्यासाठीच."

"मी तर तिला बघायलासुद्धा आलो नव्हतो."

"मग काय झालं? तुम्ही नीट सांभाळाल हे मला माहीतच होतं ना. दुसऱ्या कोणाचं नाव घालणार होते मी?"

वर्षभर मी या मुलीशी नीट बोललो नव्हतो, आणि वर्षभर मी तिच्या घोडीचा मालक होतो. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलं माझं." एका दिवसात दुसऱ्यांदा. मग सही केली. माझी सही आमच्या ऑफिसात नमुना म्हणून दाखवायचे. त्या दिवशीची वेडीवाकडी आली, पण खाडाखोड केली नाही.

तपासनीस आले. एकेक खूण मोठ्याने वाचून घोडीवर बोट टेकवत गेले. आयाळीखालचा भोवरा त्यांना हाताला लागायला वेळ लागला. लागल्यावर भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मग घोडीची उंची मोजली, आयाळीचे मुळासकट केस तपासणीसाठी उपटून पाकिटात घातले, मानेत ओळखीची तांदळाएवढी चिप टोचली. अर्जावर शिक्का मारला. माझा जीव भांड्यात पडला. मुलीने अण्णांचे दोन्ही हात धरले आणि ती एकदाची रडली, हसत हसत.

जाताना तपासनिसांनी पिशवीतून आणखी एक कोरा अर्ज काढला. "हा शिंगराचा. जन्मलं की भरून पाठवा. पुढे कोणाला द्यायचं असलं तरी पहिली नोंद तुमच्याच नावावर होते." पेन उघडून त्यांनी मुलीला विचारलं, "मालकांची नावं आत्ताच वर लिहून देतो. एकच घालू की दोन?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. पण तिला तोंड उघडायला वेळ दिला तर ना!

"दोन," मी म्हणालो. "दोन्ही घाला."